कानबाईच्या रोटाचे क्षेत्रफळ

पक्ष : कानबाईचा एक मोठा रोट आहे.

साध्य : हिलालदादा आणि वाल्मिक या दोन सख्ख्या भावांनी तो एकत्र बसून खावा.

सिद्धता :

सिद्धता जरा थांबू द्या. आधी रोटाबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर ज्यांच्या घरी कानबाई बसत नाही त्यांना वाटेल, एका जाड भाकरीपायी माणूस एवढं का लिहितो.

श्रावणात आम्हा खानदेशी लोकांकडे कानबाई बसते. माणूस धुळ्यात असो नाहीतर सुरतेत पर्वत पाटिया भागातल्या सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर, ती बसतेच. नारळाला डोळे, नाकात नथ, अंगावर साज, आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर घेऊन वाजतगाजत विसर्जन. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठीने गहू घ्यायचे, दळायचे, त्यांचा रोट करायचा आणि तो फक्त भाऊबंदांनी खायचा. शेजाऱ्यावर कितीही जीव असला तरी त्याला रोटाचा कण देता येत नाही. कोणाकडे त्या पिठाच्या पोळ्या होतात, कोणाकडे पुऱ्या. आमच्या घराण्यात एकच रोट करतात, परातीएवढा, बोटभर जाड, आणि घरातली सर्वांत मोठी बाई तो हाताने मोडून वाटते.

आमच्यातली सर्वांत मोठी बाई म्हणजे सुभद्राबाई. माझ्या थोरल्या काकांची बायको, म्हणून माझी मोठीमाय. हिलालदादा आणि वाल्मिक हे तिचे मुलगे. मोठीमायची वाटायची पद्धत अशी की तुकडा हातात येईल तसा तोडायचा आणि समोर जे ताट दिसेल त्यात टाकायचा. कोणाला पंजाएवढा, कोणाला चिमटीएवढा. त्यावरून दर वर्षी आरडाओरडा व्हायचा. "याला मोठा, मला लहान," "तुझा दिसतो लहान, पण जाड आहे," असं तासभर चालायचं आणि चहापर्यंत मिटायचं.

दोन वर्षांपूर्वी मिटलं नाही. हिलालदादाच्या धाकट्याच्या ताटात कडेचा करपलेला तुकडा पडला. त्याच्या बायकोने तो उचलून सगळ्यांना दाखवला. वाल्मिकच्या बायकोने, चंचलने, म्हटलं, "उशिरा येणाऱ्याला कडच मिळते." आणि संपलं. हिलालदादा सुरतेच्या एका टोकाला, पांडेसऱ्यात डाइंग मिलमध्ये सुपरवायझर, वाल्मिक दुसऱ्या टोकाला, लिंबायतला राहून रिक्षा चालवतो. तेव्हापासून वाल्मिक पांडेसऱ्याचं भाडंसुद्धा घेईना.

वर्ष असंच गेलं. गेल्या श्रावणाच्या तोंडावर मोठीमाय माझ्याकडे आली. बसलीसुद्धा नाही. "सुकदेव, औंदा रोट तुन्हा घर करूत. तुन्हा घर दोन्ही येतीन."

तिने माझ्याकडे घर मागितलं होतं. मी गणित दिलं.

उदाहरण १. (गुण ३) एका वर्तुळाची त्रिज्या r असून त्यातील पाकळीचा कोन θ आहे, तर त्या वर्तुळपाकळीचे क्षेत्रफळ काढा.

उकल : क्षेत्रफळ = θ/३६० × πr²

मी मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला गणित शिकवतो. ज्या शाळेत दर वर्षी एक बाक रिकामा होतो ती शाळा. हे सूत्र फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरून हमखास विचारणा होते, "सर, हे पुढे कुठे लागतं?" मी हमखास "खाली बस" म्हणतो. पण प्रश्न मनाला लागलेला असतो. इतकी वर्षं शिकवलं आणि घरादारात एकदाही उपयोगी पडलं नाही, हा अपमान गणिताच्या मास्तरलाच कळेल. मराठीच्या मास्तरला निदान लग्नपत्रिकेचा मजकूर तरी विचारतात.

तेव्हा मोठीमाय जिना उतरते न उतरते तोच माझ्या डोक्यात रोट गोल फिरायला लागला. भांडण कशाचं? तुकड्यांचं. तुकडा म्हणजे काय? वर्तुळपाकळी. सगळ्यांचा कोन समान ठेवला की क्षेत्रफळ समान, क्षेत्रफळ समान तर तक्रार नाही, तक्रार नाही तर भाऊ एकत्र. इतकी स्वच्छ सिद्धता पाठ्यपुस्तकातही मिळत नाही.

भाऊबंदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी संदेश टाकला : "यंदाचा रोट गणिती पद्धतीने, संपूर्ण समान वाटला जाईल." त्यावर हिलालदादाने अंगठा दिला. वर्षभरात त्याने ग्रुपवर टाकलेलं ते पहिलं काहीतरी. अंगठ्याखाली वाल्मिकनेही अंगठा दिला. दोन भावांचे अंगठे एकाखाली एक बघून मला भरून आलं. मी ते हर्षदाला, म्हणजे माझ्या बायकोला, दाखवलं. ती म्हणाली, "अंगठे काय, करारालापण देतात."

मी लक्ष दिलं नाही.

(इथे आकृती काढावी. नको. पुढे काढू.)

मोठा रोट म्हणजे मोठा तवा, मोठा तवा म्हणजे चूल, आणि चूल म्हणजे गच्ची. गच्ची सोसायटीची. सोसायटी म्हणजे कनुभाई. कनुभाई आमचे सेक्रेटरी. माणूस सज्जन, पण कागदाशिवाय त्यांना हसूसुद्धा येत नाही.

"अर्जी लखो, सर. केटली जग्या रोकशे?"

मी चुलीभोवतीच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढून अर्जात लिहिलं. कनुभाईंनी चष्मा वर केला.

"आ शुं छे?"

"पाय आर वर्ग."

"गोळ नहीं चाले. लंबाई-पहोळाई लखो."

"पण जागा गोल आहे, कनुभाई."

"फॉर्ममां चोरस छे."

सुज्ञ माणसाने इथे लांबी-रुंदी लिहिली असती. मी कनुभाईंना समजावलं की वर्तुळाला चौरसात बसवलं तर चार कोपरे फुकट धरले जातात आणि न वापरलेल्या जागेची परवानगी मागणं हा खोटेपणा आहे. कनुभाईंनी शांतपणे ऐकलं आणि विषय कमिटीत नेला. कमिटीने ठरवलं की परवानगी द्यावी, मात्र वाळूची बादली असावी आणि चूल पेटलेली असेपर्यंत कमिटीचे दोन सभासद जातीने उभे राहावेत.

हे दोन सभासद रोटाच्या दिवशी सकाळपासून गच्चीवर उभे होते. तुपाचा वास सुटला तेव्हा ते चुलीच्या जवळ सरकले. आणि रोट बाहेरच्याला देता येत नाही. मी त्यांना चहा दिला. मग पुन्हा चहा दिला. ते रोटाकडे बघायचे, मी आभाळाकडे. त्यातला एक अजून माझ्याशी लिफ्टमध्ये बोलत नाही.

उदाहरणापासून भरकटलो. परत येतो.

साठ अंशांची पाकळी मी साडीच्या बॉक्सच्या पुठ्ठ्यातून कापली. सुरतेत घरात कंपासपेटी नसेल, पण साडीचा बॉक्स असतोच. खालच्या मजल्यावरचे श्रीपतराव रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांना कुठलंही काम चाललेलं दिसलं की पायात चप्पल न घालता वर येतात.

"काय सर, पंखा बनवताय?"

मी सगळं सांगितलं. श्रीपतरावांनी पुठ्ठा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"कोन बरोबर आहे. पण सहाच का?"

"सहा पुरुष आहेत. हिलालदादा आणि त्याचे दोन मुलगे, वाल्मिक आणि त्याचा एक, आणि मी. मुठी तेवढ्याच."

"आणि बायका?"

"त्या आपापल्या घरच्या तुकड्यात."

माझी मुलगी योगिता कॉलेजला जायची तयारी करत होती. ती आरशातूनच म्हणाली, "पप्पा, म्हणजे हिलालकाकांना अर्धा, वाल्मिककाकांना तिसरा हिस्सा, आणि आपणो भाग आटलो ज? एवढाच?"

"मुठींप्रमाणे आहे ते."

"माझी मूठ नाही?"

याचं उत्तर कुठल्याच प्रकरणात नव्हतं. श्रीपतराव म्हणाले, "पोरीने बरोबर पकडलं, सर. आमच्यात खीर करतात. खिरीला अंश नसतात." आणि अनवाणी खाली गेले.

मला तेव्हा थांबता आलं असतं. पण पुठ्ठा कापून झाला होता, आणि कापलेला पुठ्ठा माणसाला पुढे ढकलतो.

रोटाचा दिवस.

सगळे आले. हिलालदादा मिलच्या कोऱ्या कापडाचा नवा शर्ट घालून आला, त्याच्यामागे बायको आणि दोन्ही मुलगे. वाल्मिकने रिक्षा खाली लावली. मोठीमायला दोन्ही सुनांनी एकेका हाताला धरून जिन्यावरून वर आणलं, कारण लिफ्ट त्या दिवशी नेमकी बंद होती. मधल्या जिन्यावर ती थांबली, एका हाताकडे पाहिलं, दुसऱ्या हाताकडे पाहिलं. दोन्ही सुना एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण पावलं बरोबर टाकत होत्या. मला वाटलं, अर्धी सिद्धता इथेच झाली.

चंचलने रोट थापला. हिलालदादाच्या बायकोने उलटला. दोघींनी मिळून तो परातीत आणला आणि खोलीत मधोमध ठेवला. मी पुठ्ठा, दोरा आणि सुरी घेऊन पुढे झालो. शाळेत निरीक्षक यावा तशी शांतता.

पुठ्ठा ठेवला. पुठ्ठा एका बाजूला बाहेर आला. फिरवला. दुसऱ्या बाजूला आत गेला.

रोट गोल नव्हता.

गोल असणार कसा? भाड्याचा तवा मध्ये खोल, चूल एका अंगाला तापलेली, आणि थापणारी बाई होती, कंपास नव्हता. रोट एका बाजूने फुगून पसरला होता. म्हणजे त्रिज्या सगळीकडे सारखी नाही. म्हणजे कोन समान ठेवले तरी क्षेत्रफळं समान नाहीत. शिवाय सूत्रात त्रिज्येचा वर्ग असतो, म्हणून डोळ्याला बोटभर दिसणारा फुगवटा हिशेबात वाढून बसतो. हे मी बोलायला नको होतं. मी मोठ्याने बोललो.

"मग फुगलेली बाजू कोणाची?" वाल्मिक म्हणाला.

"कोणाची नाही. जिथे त्रिज्या जास्त तिथे कोन कमी करायचा."

"म्हणजे ज्याला फुगलेला मिळेल त्याचा बारीक करणार?" हिलालदादा.

"बारीक नाही दादा, समान."

"आणि सुरुवात कुठून करणार?" पुन्हा वाल्मिक. "पहिला काप कुठे मारला त्यावरच सगळं आहे ना रे, सर?" त्याने मला 'सर' म्हटलं ते आदराने नव्हतं. रिक्षावाला लठ्ठ गिऱ्हाइकाला 'शेठ' म्हणतो तसं.

मध्यबिंदू शोधणं हा पुढचा प्रश्न. जो गोल नाही त्याला मध्य कुठला? मी दोरा आडवा धरला, उभा धरला, तिरका धरला. हिलालदादाच्या मोठ्या मुलाने मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढला. त्याने पाय म्हणजे बावीस सप्तमांश घेतला, धाकट्याने तीन पूर्णांक चौदा शतांश, आणि दोन्ही उत्तरांत फरक आला, त्यावरून दोघांची जुंपली. हर्षदा दारातून म्हणाली, "भाजी गार झाली." मोठीमाय भिंतीला टेकून बसली होती. ती दोनदा पुढे सरकली, दोनदा तिचा हात रोटाकडे गेला आणि दोनदा मी म्हटलं, "थांब मोठीमाय, हलवू नकोस."

"कसाले मोजी ऱ्हायना रे?" ती म्हणाली. "रोट काय मोजतस का?"

"यंदा भांडण नको ना."

तिने हात मागे घेतला.

शेवटी झालं. म्हणजे खरंच झालं. माझ्यावर हसणाऱ्यांसाठी नोंदवून ठेवतो की मी प्रत्येक दिशेला दोरा धरून त्रिज्या घेतल्या, पाकळ्या बारीक पाडून त्यांची बेरीज केली, आणि असे काप घेतले की एका नखाचाही फरक राहिला नाही. अर्धा हिलालदादाचा. तिसरा हिस्सा वाल्मिकचा. उरलेला माझा. करपलेली कडसुद्धा प्रमाणात वाटली. गणितात चूक नव्हती.

मी घाम पुसला आणि आरडाओरड्याची वाट बघितली.

कोणीच ओरडलं नाही. प्रत्येकाने आपल्या ताटाकडे पाहिलं, मग दुसऱ्याच्या. काही बोलायला जागाच नव्हती. चंचलने पदर सारखा केला. हिलालदादाची बायको तक्रारीला काहीतरी शोधत होती, ते तिला सापडलं नाही.

मग हिलालदादाचा धाकटा म्हणाला, "आजीचं ताट?"

तीनशेसाठ अंश संपले होते.

मोठीमायच्या नावाने मूठ नव्हती. आजवर ती रोट मोडत असताना परातीत जे सांडायचं ते खायची, आणि मोडताना पुष्कळ सांडायचं. सुरीने कापलेल्या रोटाचं काही सांडत नाही. परात लख्ख होती.

"माझ्यातला घे ना आई," वाल्मिक म्हणाला.

"तुझ्यातला का? अर्धा माझ्याकडे आहे," हिलालदादा म्हणाला.

"अर्धा तुझ्याकडे आहे, पण आई राहते कुठे?"

"राहते तुझ्याकडे म्हणून तुझ्या हिश्शात धरायची? मग तुझं माप वाढवून मागायचं होतं सरांकडे."

वर्षानंतर दोघं भाऊ एकमेकांशी बोलले ते हे. मी घाईघाईने म्हटलं, "माझ्यातला देतो, माझ्याकडे खाणारं कोण आहे!" हर्षदा आणि योगिता दोघींनी माझ्याकडे पाहिलं. त्यावर अधिक लिहीत नाही.

मोठीमायने तिघांच्याही ताटातून एकेक चिमूट घेतली. "व्हयनं," ती म्हणाली. झालं.

जेवणं झाली. म्हणजे वाल्मिकचं आणि आमचं झालं. हिलालदादाने स्टीलचा डबा मागितला. आपला अर्धा रोट त्याने नीट, कडा न मोडता, त्यात ठेवला.

"घरी खाऊ. भाऊबंदाबाहेर जात नाही ना? मग घरी नेला तर काय."

"दादा, इथेच बसून..."

"सुकदेव, तू फार चांगलं काम केलंस." तो मनापासून बोलत होता, हे मला अजून सोसत नाही. "इतकी वर्षं कोणाचा किती हे माहीतच नव्हतं. म्हणून सगळे एका जागी जमून कटकट करत होतो. आता माहीत झालं. अर्धा रोट आमचा, म्हणजे अर्धं पीठ आमचं. पुढच्या वर्षी तेवढं पीठ आम्ही पांडेसऱ्यालाच भाजू. तुझी गच्ची नको, कमिटी नको, आईला जिना नको."

वाल्मिकने त्या डब्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तो भांडेल. मी देवाला हात जोडले, की भांड बाबा, करपलेल्या कडेवरून भांड, फुगवट्यावरून भांड.

"बरोबर आहे," वाल्मिक म्हणाला. "आमचाही मग लिंबायतलाच."

इति सिद्धम्, असं पाठ्यपुस्तकात लिहितात. मी मोठीमायकडे पाहू शकलो नाही.

उदाहरण २. (गुण दिलेले नाहीत) एका मोठ्या वर्तुळाच्या सहाव्या हिश्शाएवढं क्षेत्रफळ असलेलं लहान वर्तुळ काढा. त्याची त्रिज्या किती?

उकल : मोठ्या त्रिज्येच्या निम्मीही नाही.

यंदा आमच्या वाट्याला तेवढा रोट आला. हर्षदाने तो रोजच्या तव्यावर, रोजच्या गॅसवर भाजला. अर्ज नाही, वाळू नाही, कनुभाईंना पत्तासुद्धा नाही. योगिताने आपल्या नावाने एक मूठ जास्तीची घातली आणि मी काही बोललो नाही. तिघांनी खाल्ला. पटकन संपला. वर्तुळपाकळीला दोन सरळ कडा असतात, त्या कडांना दुसऱ्या कोणाची तरी पाकळी चिकटलेली असते. आमच्या लहान गोल रोटाला तशी कडच नव्हती. हे मी वर्गात सांगणार होतो. वर्गात या वर्षी मागचा बाकच उरलेला नाही.

विसर्जनाला मात्र सगळ्यांना तापीवरच यावं लागतं. काठावर गर्दी होती. ढोल, फुगड्या, डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायका. त्या गर्दीत आमच्या तीन कानबाया तीन बाजूंनी आल्या आणि रांगेत शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. हर्षदाच्या डोक्यावर एक, चंचलच्या डोक्यावर एक, हिलालदादाच्या बायकोच्या डोक्यावर एक. मोठीमाय वाल्मिकबरोबर रिक्षातून आली होती. तिला मध्ये उभं केलं.

"कसा झाला रे रोट?" हिलालदादाने वाल्मिकला विचारलं.

"चांगला झाला. तुमचा?"

"चांगला झाला."

"सर, तुमचा?"

"चांगला," मी म्हटलं.

रांग पुढे सरकली. मोठीमाय एकेकाच्या तोंडाकडे बघत उभी होती, कोणीतरी "याला मोठा, मला लहान" सुरू करील म्हणून.